वाचकांचे प्रश्न : मूळ आर्केड यंत्र घ्यावे की एम्युलेशनची पेटी?

मागील अंकात आर्केड यंत्रांच्या दुरुस्तीवर लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रांत एकच वाद फिरून फिरून आला आहे : नाणे टाकून चालणारे जुने यंत्र मूळ बोर्ड आणि पिक्चर ट्यूबसह बाळगावे, की तशाच दिसणाऱ्या पेटीत संगणक बसवून एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राचे सोंग घेणाऱ्या प्रोग्रामवर, तेच खेळ खेळावेत? संग्राहकांमध्ये हा वाद पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि त्यात कडवटपणाही बराच आला आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आम्ही गेली बारा वर्षे न्यू जर्सीत राहतो. घराच्या तळघरात पॅक-मॅनचे यंत्र ठेवण्याची फार दिवसांची इच्छा आहे. चांगल्या स्थितीतील मूळ यंत्राला काही हजार डॉलर मोजावे लागतात. साठ खेळ भरलेली नवी पेटी त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. ओळखीचे संग्राहक मात्र नव्या पेटीला ‘नकली’ म्हणतात. पडद्यावरचा खेळ तोच असेल, तर फरक नेमका कशात आहे? (स. द., एडिसन)

उत्तर : खेळ तोच असतो, आणि ‘नकली’ हा शब्द मला म्हणूनच अन्यायाचा वाटतो. १९८० साली नामकोने काढलेले पॅक-मॅनचे यंत्र सुमारे ३ मेगाहर्ट्झच्या झेड-८० प्रोसेसरवर चालते आणि त्याचा प्रोग्राम बोर्डावरच्या रॉम चिपांमध्ये असतो. एम्युलेटर त्या प्रोसेसरचे वागणे सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो आणि चिपांमधून उतरवून घेतलेला तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, चालवतो. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ या एम्युलेटरची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचा उगम पॅक-मॅनच्याच जातीच्या बोर्डांसाठी लिहिलेल्या एका लहान प्रोग्रामात होता. पॅक-मॅनची भुते मनाला येईल तशी हिंडत नाहीत, ठरलेल्या नियमांनी चालतात. त्यामुळे १९८२ च्या सुमारास खेळाडूंनी पाठ केलेले मार्ग आजही एम्युलेटरवर वळणावळणाला जुळतात. इतकेच काय, पातळीचा आकडा एकाच बाइटमध्ये (म्हणजे २५५ पर्यंतच मोजता येईल एवढ्या जागेत) साठवल्यामुळे २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो, तो मूळ दोषही एम्युलेटर इमानाने दाखवतो. याउलट, घरगुती कन्सोलसाठी त्या काळी निघालेल्या आवृत्त्या नव्याने लिहिलेल्या होत्या, आणि पॅक-मॅनची १९८२ ची अटारी २६०० वरील आवृत्ती खेळलेल्या माणसाला तो वेगळाच खेळ होता हे सांगावे लागत नाही.

फरक सुरू होतो तो प्रोग्रामच्या बाहेर, म्हणजे हाताला काय लागते आणि डोळ्याला काय दिसते, येथे. मूळ पॅक-मॅनची जॉयस्टिक चारच दिशांना वळते. वळण येण्याआधी किंचित अगोदर दांडा वळवून ठेवावा लागतो, आणि पुढची भुताटकी टळणे त्या क्षणावर अवलंबून असते. साठ खेळांच्या पेटीत बहुधा आठ दिशांची जॉयस्टिक असते, कारण मारामारीच्या खेळांना ती लागते. तिच्यावर पॅक-मॅन खेळताना दांडा हमखास तिरका पडतो, दोन दिशांचे संकेत एकदम जातात आणि पॅक-मॅन वळण चुकवून सरळ पुढे निघून जातो. आपले काही चुकले असे माणसाला वाटत राहते. चूक जॉयस्टिकखालच्या चकतीची असते. ही चकती बदलून चार दिशांची करता येते, आणि विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असावा.

पडद्याचा फरक मात्र इतका स्वस्तात मिटत नाही, आणि त्यासाठी मी पॅक-मॅनऐवजी अटारीच्या १९७९ च्या अॅस्टेरॉइड्सचे उदाहरण देईन. या यंत्राच्या ट्यूबवर चित्र ठिपक्यांच्या ओळींनी भरत नाही; इलेक्ट्रॉनांचा झोत हातातील पेन्सिलीसारखा थेट रेषा ओढत फिरतो. यानातून गोळी सुटते, तेव्हा झोत एकाच बिंदूवर पूर्ण जोराने थांबतो आणि तो बिंदू इतका प्रखर पेटतो की अंधाऱ्या खोलीत त्याची तिरीप काचेवरून डोळ्यांत येते. माझ्या घरच्या यंत्रासमोर मी कितीतरी पाहुण्यांना उभे केले आहे, आणि पहिली गोळी सुटताच प्रत्येकाचे डोके किंचित मागे जाते. एलसीडीवर तीच गोळी म्हणजे एक पांढरा ठिपका असतो, शेजारच्या रेषेहून जराही उजळ नसलेला. तेथे प्रोग्राम शंभर टक्के तोच असतो आणि खेळाचा अनुभव अर्धाच पोहोचतो. स्पेस इनव्हेडर्सच्या (ताइतो, १९७८) उभ्या कॅबिनेटातही असेच आहे : ट्यूब कृष्णधवल, रंग वर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांचे, आणि ते चित्र आरशातून परावर्तित होऊन मागे रंगवलेल्या चंद्रभूमीवर तरंगताना दिसते. एम्युलेटर त्या देखाव्याचे छायाचित्र मागे लावू शकतो. आरशामुळे येणारी खोली त्याला देता येत नाही.

तिसरा फरक वेळेचा. बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत संगणक, एम्युलेटर आणि एलसीडी यांपैकी प्रत्येक जण थोडा वेळ खातो. एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या एका चित्राला, सुमारे १६.७ मिलिसेकंद धरले, तर तीन-चार फ्रेमांचा उशीर सरावलेल्या हाताला लगेच जाणवतो. शिवाय सर्व खेळ सेकंदाला ६० फ्रेमांचे नव्हते. १९९२ चे मॉर्टल कॉम्बॅट सेकंदाला सुमारे ५४.७ वेळा चित्र काढते, आणि ६० च्या ठरावीक गतीच्या पडद्यावर ते अधूनमधून अडखळते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर तुम्हाला पॅक-मॅन आणि पॅक-मॅनच हवा असेल, आणि वर्षातून दोन-तीन रविवार यंत्राची पाठ उघडून दुरुस्तीला बसण्याची तयारी असेल, तर पैसे साठवा आणि मूळ यंत्र घ्या. मुलांना आणि पाहुण्यांना अनेक खेळ दाखवायचे असतील, तर चार दिशांची जॉयस्टिक असलेली पेटी निःसंकोच घ्या. २०१८ पासून अमेरिकेत तीन-चतुर्थांश आकाराची तयार कॅबिनेटे मिळतात. ती लहान मुलांच्या उंचीला बरी पडतात, मोठ्या माणसाला मात्र स्टुलाशिवाय फार वेळ खेळवत नाही.

प्रश्न : एका बंद होणाऱ्या गोदामातून मला ऐंशीच्या दशकातील एक कॅबिनेट जवळजवळ फुकट मिळाले. बोर्ड गायब आहे. ट्यूब लागते, पण मध्यभागी फक्त एक पांढरी आडवी रेघ दिसते. आतले सगळे काढून संगणक आणि एलसीडी बसवावी, असा सल्ला मित्रांनी दिला आहे. योग्य होईल का? (अ. कु., टोरांटो)

उत्तर : कृपया असे करू नका. हे मी विनंती म्हणून लिहीत असलो, तरी या वादात माझे ठाम मत कोठे असेल तर ते येथेच आहे. नव्या प्लायवुडच्या पेटीत संगणक घालून कोणी शंभर खेळ खेळले, तर जगातील एकही मूळ यंत्र कमी होत नाही. चाळीस वर्षे टिकलेले कॅबिनेट पोखरून तसे केले, तर एक यंत्र कायमचे कमी होते. काही वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून न पाहता एक कॅबिनेट घेतले. घरी आल्यावर पाहतो, तर त्याच्या मूळ छापील पॅनेलला आठ बटणांसाठी करवतीने भोके पाडलेली आणि आतील सगळी वायरिंग मुळाशी कापून टाकलेली. पॅनेल पुन्हा छापून मिळाले. कापलेली वायरिंग मात्र एकेक तार मोजून पुन्हा बांधायला मला पूर्ण हिवाळा लागला.

आता तुमच्या आडव्या रेघेविषयी. ही अतिशय चांगली बातमी आहे, कारण रेघ दिसते याचा अर्थ ट्यूब जिवंत आहे, उच्च दाब तयार होतो आहे आणि झोत डावीकडून उजवीकडे नीट फिरतो आहे. बंद पडला आहे तो केवळ झोताला वर-खाली नेणारा भाग. त्या भागातील वाळलेले कपॅसिटर, जळलेला ट्रान्झिस्टर किंवा तडकलेला सोल्डरचा सांधा हीच बहुधा कारणे असतात, आणि जुन्या मॉनिटरांसाठी कपॅसिटरांचे तयार संच आजही मिळतात. तोवर यंत्र चालू ठेवू नका आणि ब्राइटनेस कमी करा, कारण सगळा झोत एकाच रेघेवर पडत राहिल्यास तेथील फॉस्फर (काचेच्या आतला उजळणारा थर) जळून कायमचा डाग राहतो. आणि ट्यूबच्या मागील रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, भिंतीतला प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ट्यूबमध्ये साठलेली ही वीज कशी उतरवतात हे जाणणाऱ्या माणसालाच हात लावू द्या; जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांना हे काम पाठ असते. नव्या ट्यूब आता बाजारात येत नाहीत, त्यामुळे एलसीडीसाठी काढून फेकलेली प्रत्येक ट्यूब शिल्लक साठ्यातून वजा होते.

मूळ बोर्ड मिळेपर्यंत खेळायचेच असेल, तर मधला रस्ता आहे. आडव्या ओळींची सुमारे १५ किलोहर्ट्झची गती देणारे कार्ड संगणकाला लावले, की तोच एम्युलेटर तुमच्या जुन्या ट्यूबवर चालतो. १९८५ पासून जपानी उत्पादकांनी स्वीकारलेल्या ‘जामा’ या ५६ पिनांच्या जोडणीचे अॅडॉप्टरही मिळतात. एकही भोक न पाडता, एकही तार न कापता हे सगळे बसते आणि बोर्ड सापडल्या दिवशी तितक्याच सहज निघते.

प्रश्न : उच्चांकांच्या नोंदी ठेवणारे एम्युलेटरवरील गुण वेगळे का धरतात? प्रोग्राम तोच असतो, असे आपणच म्हणता. (रा. गो., ठाणे)

उत्तर : कारण संगणकावर खेळ मधेच साठवता येतो, मागे नेता येतो, हळू चालवता येतो, आणि नोंद पाहणाऱ्याला ते सहज ओळखता येत नाही. डाँकी काँग या खेळाच्या उच्चांकांवरील प्रसिद्ध वादात हाच मुद्दा होता. २०१८ मध्ये ट्विन गॅलक्सीज या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेने एका नामवंत खेळाडूचे गुण रद्द केले. पातळी बदलताना पडद्यावर खेळातील तुळया उमटण्याची पद्धत मूळ बोर्डाची नसून एम्युलेटरची आहे, असा आक्षेप चित्रफितींवर घेण्यात आला होता. खेळाडूने तो नाकारला, गिनेसने २०२० मध्ये त्याचे विक्रम पुन्हा मान्य केले आणि न्यायालयातील दावे २०२४ मध्ये तडजोडीने मिटले. दोन्ही प्रकारांच्या याद्या स्वतंत्र ठेवणे हेच मला न्याय्य वाटते.

प्रश्न : नव्वदच्या दशकात कोल्हापुरात आमच्या शाळेजवळच्या पार्लरमध्ये आम्ही ‘मुस्तफा’ खेळत असू. आज मला ते यंत्र घरी हवे आहे. पण तेथील कॅबिनेट तर गावच्या सुताराने बनवलेले होते. मग माझ्यासाठी ‘मूळ’ यंत्र कोणते? (वि. पा., कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्राने मला फार विचार करायला लावला, कारण अमेरिकेतील आणि जपानमधील संग्राहकांचे सगळे निकष येथे अपुरे पडतात. ज्याला आपण सर्वांनी मुस्तफा म्हटले, तो खेळ कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातील चार पात्रांपैकी मुस्तफा कैरो हे एक, आणि त्याच्या नावाने आपल्याकडे सबंध खेळ ओळखला गेला. मी पाहिलेल्या पार्लरांत आत घरगुती टीव्हीची ट्यूब असे, सनमायका लावलेली पेटी असे, आणि बोर्ड बहुधा परवान्याशिवाय नक्कल केलेला असे. म्हणजे जपानमधील संग्राहक ज्याला मूळ म्हणेल, त्याला तुम्ही लहानपणी हातही लावलेला नाही.

आणि खऱ्या बोर्डाची गोष्ट आणखी नाजूक आहे. कॅपकॉमने त्या काळी नक्कल रोखण्यासाठी काही बोर्डांत बॅटरी घातली. ती संपली की चिपमधील किल्ली (कूटबद्ध प्रोग्राम उलगडणारा सांकेतिक आकडा) पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. कॅडिलॅक्सचा बोर्ड याच जातीचा, आणि पुढे १९९३ मध्येच आलेल्या सीपीएस-२ या बोर्डांच्या मालिकेत तर खेळाचा प्रोग्रामच कूटबद्ध होता. हे कूट सोडवले ते एम्युलेशनवर काम करणाऱ्यांनी. सीपीएस-२ ची पद्धत २००७ मध्ये पूर्ण उलगडली आणि त्यात साल्मोरियांचाही हात होता. २०१६ मध्ये मेलेल्या सीपीएस-२ बोर्डांत किल्ली पुन्हा लिहिण्याची रीत प्रसिद्ध झाली. आज माझ्या परिचयातील, एम्युलेशनचे नावही न काढणाऱ्या संग्राहकांचे बोर्ड त्या कामामुळे चालू आहेत, आणि हे ते मोकळेपणाने मान्य करत नाहीत याचे मला वाईट वाटते.

कॅडिलॅक्सची घरगुती कन्सोलवर अधिकृत आवृत्ती कधीच निघाली नाही. कॅपकॉमच्या जुन्या खेळांच्या संचांतही तो नाही. तो एका कॉमिकवर आधारलेला असल्याने परवान्याची गुंतागुंत आहे. रॉमची प्रत उतरवून घेणे कायद्याने कंपनीच्या हक्कावर अतिक्रमण ठरते, हे तुम्हाला सांगणे माझे कर्तव्य आहे. निर्वेध मार्ग म्हणजे जुना अस्सल बोर्ड शोधून, बॅटरीची अवस्था तपासूनच घेणे.

पेटी मात्र तुमच्याच गावच्या सुताराकडून करून घ्या. तो सुतार किंवा त्याचा मुलगा अजून काम करत असेल, तर पार्लरमधील पेटीची उंची, पॅनेलचा उतार आणि तिघांना एकदम खेळता यावे म्हणून ठेवलेली रुंदी त्याला विचारून घ्या. जुन्या रंगीत टीव्हीची ट्यूब भंगारवाल्याकडे अजून मिळते. ती घेताना काच नीट पाहा. पार्लरमधून आलेली असेल, तर त्या काचेवर गुणांच्या पट्टीचा फिकट ठसा उमटलेला दिसेल.