घरचा बाबा आणि अनवाणी पाय: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बायको बँकेत आहे, तिची बदली कोल्हापुरात झाली तेव्हा मी नोकरी सोडली, आता घर आणि पोरं मीच बघतो. मोठा दुसरीत, धाकटी बालवाडीत. पळायचा जुना नाद आहे, गेल्या महिन्यापासून बूट काढून पळतोय तर पोटऱ्या अशा भरून येतात की जिना उतरताना बोंब. तबल्याला तर हात लागत नाही. आई म्हणते, दिवसभर घरीच असतोस, मग वेळ मिळत नाही कसला? यातलं काय सोडू? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: काही सोडू नका हो, फक्त अनवाणी पळणं आधी पार कमी करा. बुटात आपण बहुतेकजण टाच आधी टेकवतो, बूट काढले की टाचेला ते सोसत नाही म्हणून पाय आपोआप चवड्यावर पडायला लागतो, आणि इतकी वर्षं आरामात असलेल्या पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलीस या स्नायुबंधावर एकदम भार येतो. तुमचा दम आहे पाच किलोमीटरचा आणि अनवाणी पाय आहेत पाचशे मीटरचे, सगळा घोळ तिथं आहे. दिवसाआड १० मिनिटं, त्यातही मधेमधे चालणं, बाकीचं पळणं बुटातच. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा आणि सकाळी उठल्यावर पोटरी कडक वाटली तर त्या दिवशी सुट्टी. पण पंज्यावर एकाच जागी बोट दाबलं की कळ येते, वर सूज आहे, असं असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, तेल चोळत न बसता हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

आता गंमत बघा, ज्याच्याकडे दीड तास मोकळा आहे तो अनवाणी हमखास जास्त पळतो आणि पाय धरून बसतो. तुमच्याकडे वेळच नाही, म्हणजे तुमचं बरंच आहे की! धाकटीला बालवाडीत सोडलं की घरी यायच्या आधी १० मिनिटं, झालं काम, त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको.

जागेचं म्हणाल तर सगळे सांगतात गवतावर सुरू करा, मला ते पटत नाही. गवतात सराटे आणि काचा दिसत नाहीत, शिवाय मऊ जमिनीवर पाय आपटत पडला तरी कळत नाही, कडक गुळगुळीत रस्त्यावर लगेच कळतं. विद्यापीठाच्या आवारात सकाळी जा, रंकाळ्यावर जायचं तर चांगलं उजाडल्यावर. एप्रिल-मेमध्ये दहानंतर डांबराला पाय लावू नका. आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, कातडी भिजून मऊ पडते, सोलवटते, तुंबलेल्या पाण्याखाली काय आहे दिसत नाही, तेव्हा सरळ बूट घाला, कुणी नावं ठेवणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. आणि मधुमेहामुळं पाय बधिर होत असतील किंवा मुंग्या येत असतील तर अनवाणी पळायचा विषयच नको, जखम झालेली कळतसुद्धा नाही. (तांबड्या मातीत पळावं म्हणून तालमीच्या हौदात शिरणारे पण भेटलेत मला. वस्तादांनी हाकललं तर मला सांगू नका.)

तबल्याचं जरा वेगळं आहे. लोक सांगतात पोरं दुपारी झोपली की स्वतःचं करा, पण झोपलेल्या पोराशेजारी तबला वाजत नाही आणि त्याला एकटं टाकून पळायलाही जाता येत नाही, म्हणजे ती वेळ कपड्यांच्या घड्या आणि पुस्तकासाठीच. तबला संध्याकाळी पोरांसमोरच काढा, धाकटी डग्ग्यावर थापा मारेल, मोठा हातावर तीनतालाच्या मात्रा मोजेल, रियाज अर्धामुर्धा होईल पण होईल. राहिल्या आई. घर सांभाळायला दिवस पुरत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे, जन्मभर त्यांनी तेच केलंय, फक्त पोरगा करतोय हे पचत नाही. वाद घालू नका, एका शनिवारी पोरं आणि स्वयंपाक दोन्ही त्यांच्यावर सोपवून पन्हाळ्याला जाऊन या.

प्रश्न: आमच्याकडे नवरा घर बघतो. मी साडेसहाला दमून येते तर हा दारातच, पोरगं माझ्या हातात देऊन अनवाणी पळायला पसार. बोललं की म्हणतो, दिवसभर मी अडकलेलो असतो. (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर: ताई, तो अडकलेला असतो हे खरं आणि तुम्हाला चहा निवांत प्यायला मिळाला पाहिजे हेही खरं, चुकतंय फक्त घड्याळ. तुम्ही आल्यावर अर्धा तास घरातून कुणीच बाहेर पडायचं नाही असं ठरवा. त्याचं पळणं सकाळी, तुम्ही घरात असताना. आणि रविवार सकाळ तुमची, झोपा, मैत्रिणींकडे जा, काहीही करा, तो विचारणार नाही. आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो: त्याच्या शर्यतीची फी, तबला नाहीतर बासरी जे काय असेल ते, यासाठी दर महिन्याची रक्कम ठरवून त्याच्या खात्यात टाका. घरी बसलेल्या गड्याला बायकोकडं पैसे मागायला लई जड जातं, मग तो राग पळण्यावर निघतो.

प्रश्न: इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला, म्हणजे बुटांनी वेग कमी होतो ना? (एक वाचक, मंगळवार पेठ)

उत्तर: १९६०ला रोममध्ये तो अनवाणी २ तास १५ मिनिटं १६ सेकंदात आला, बरोबर. पण १९६४ला टोकियोत बूट घालून २ तास १२ मिनिटं ११ सेकंदात आला, तेही अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर काही आठवड्यांतच. ही दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. अनवाणी पळा ते पायाखालचं कळावं म्हणून, वेगासाठी नको.

प्रश्न: कोल्हापुरी चप्पल घालून पळालं तर? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर: नको. टाचेला पट्टा नसतो, चप्पल धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि ओल्यात चामड्याचा तळ सटकतो. २०१९ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून ती रनिंग शू होत नाही, लग्नात मिरवा.