नागपुरात ४५ डिग्रीत घाम मुंबईपेक्षा कमी का दिसतो?
कमी येत नाही भाऊ, लगेच उडून जाते म्हणून दिसत नाही. मे महिन्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की त्वचेवर आला का वाफ झाली, अन् १ ग्रॅम घाम उडताना अंगातली जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते (बिस्किटाच्या पुड्यावरची कॅलरी वेगळी, ती किलोकॅलरी असते, पेपरात इथंच घोळ होते). मुंबईत हवा दमट, घाम नुसता टपकते, गार करत नाही. आपला कूलरही याच तत्त्वावर चालते, म्हणूनच पावसाळ्यात बेकार. शरीर ३७ च्या आसपास ठेवायचं काम मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचं, पण बाहेर ४५ असलं तर हवाच उलट आपल्याला तापवते, मग घाम हा एकच रस्ता उरते. सोबत मीठही जाते, पन्ह्यात चिमूटभर टाकत जा.