फॉरमॅट मारण्याआधी : लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

(कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. ‘कॅपिटल’ असे सांगितलेले नसेल तिथे सगळी अक्षरे लहान. उत्तरे उबुंटू आणि लिनक्स मिंट वापरणाऱ्यांसाठी आहेत.)

प्रश्न : काम चालू असताना वीज गेली. तेव्हापासून कॉम्प्युटर लावला की काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असे येते आणि पुढे काहीच होत नाही. दुकानदार फॉरमॅट मारायला सांगतो. डेटा वाचेल का? – एक वाचक, जालना

उत्तर : बहुतेक वेळा वाचतो, फॉरमॅटची घाई नको. डिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली, की फाइलींच्या नोंदी अर्धवट राहतात. ‘ईएक्सटी४’ ही फाइलव्यवस्था आपली वही, म्हणजे जर्नल, वाचून असा घोळ सहसा दोन-चार सेकंदांत स्वतःच निस्तरते. ते जमले नाही, तर ती चालू व्हायला नकार देऊन तुमच्याकडे बोट दाखवते. तुमच्या पडद्यावर तेच झाले आहे.

तिथेच ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. नेमके कोणते पार्टिशन, म्हणजे डिस्कचा विभाग, बिघडले आहे ते त्यानंतर येणाऱ्या संदेशात दिसते, समजा ‘/डेव्ह/एसडीए२’. मग फाइलव्यवस्था तपासून दुरुस्त करणारी ही कमांड द्या :

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

‘-वाय’ म्हणजे दुरुस्तीच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. ते नसेल तर शेकडो वेळा ‘वाय’ दाबत बसावे लागते. काम संपल्यावर पुन्हा ‘एक्झिट’. ज्यांचा मालक सापडला नाही असे तुकडे ‘लॉस्ट+फाउंड’ या फोल्डरमध्ये नाव हरवून, नुसत्या आकड्यांनिशी पडलेले दिसतील. हीच दुरुस्ती पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता थेट चालणाऱ्या, लिनक्समधून करणार असाल, तर ते पार्टिशन आधी अनमाउंट करा, म्हणजे वापरातून सोडवा. चालू पार्टिशनवर एफएससीके चालवले, तर बरे असलेलेही बिघडते.

एक अपवाद मात्र नीट लक्षात घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा पडद्यावर ‘आय/ओ एरर’च्या ओळी सरकत असतील, तर एफएससीके चालवू नका. डिस्क स्वतःच खराब झालेली असताना तिच्यावर लिहायला लावले, तर उरलेलेही जाते. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. पॅकेजचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ आहे, सुरुवातीला एक ‘जी’ जास्त.

मशीन सुरू झाले, की डिस्कची तब्येत बघा :

सुडो एपीटी इन्स्टॉल स्मार्टमॉनटूल्स
सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

मोठ्या तक्त्यातल्या ५, १९७ आणि १९९ या क्रमांकांच्या ओळींचा शेवटचा रकाना वाचा. ५ म्हणजे खराब निघाल्याने बदली जागा दिलेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) आणि १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळत ठेवलेले सेक्टर. १९७ समोर शून्यापेक्षा मोठा आकडा असेल आणि तो दर आठवड्याला वाढत असेल, तर नवी डिस्क आणायची वेळ झाली. १९९ चा अर्थ अगदी वेगळा. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनात चुका होत आहेत, म्हणजे दोष बहुधा साटा केबलचा. केबल बदला, निदान काढून घट्ट बसवा. आधीचा आकडा शून्यावर येत नाही, पण पुढे वाढायचा थांबला की काम झाले. निव्वळ केबलपायी चांगल्या डिस्का भंगारात जातात. एनव्हीएमई एसएसडीत हे क्रमांक नसतात. तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ या ओळी पाहा.

राहिला यूपीएस. त्यातली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते. दिवा हिरवा असला तरी एकदा प्लग काढून खरेच किती मिनिटे चालतो ते घड्याळ लावून बघा.

प्रश्न : एकाच मशीनवर विंडोज आणि मिंट आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो, की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. मदरबोर्डचा सेल बदलला, फरक नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : सेलचे पैसे वाया गेले. चूक नेमकी साडेपाच तासांची आहे, यातच निदान आहे. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असते. मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ आहे असे लिनक्स धरते, तर विंडोज त्याच घड्याळातला आकडा स्थानिक वेळ म्हणून वाचते. दोघांपैकी एकाला आपले म्हणणे सोडावे लागेल. मिंटमध्ये द्या :

टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १

पुढे ‘टाइमडेटसीटीएल’ एवढेच दिले, की एक इशारा दिसेल. तो उन्हाळ्यात घड्याळे पुढे-मागे करणाऱ्या देशांसाठी आहे. भारतात ती भानगड नाही, त्यामुळे खुशाल दुर्लक्ष करा. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या वाचकांनी मात्र उलट बाजूने जावे : विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, ‘टाइमझोनइन्फर्मेशन’ या कीमध्ये ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवावी.

सेल संपल्याची खूण वेगळी असते. प्लग काढून ठेवल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते, ब्राउझर एकेका साइटचे प्रमाणपत्र नाकारतो आणि अपडेट ‘अजून वैध नाही’ म्हणून अडतात. तेव्हा मात्र ३ व्होल्टचा सीआर२०३२ घाला.

प्रश्न : एचपीचा जुना लेझरजेट १०२० प्रिंटर जोडला. प्रिंट दिली, की ‘पूर्ण’ असे दिसते, पण कागद हलतसुद्धा नाही. – एक वाचक, पणजी

उत्तर : या मॉडेलमध्ये फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरला चालवणारा आतला प्रोग्रॅम, कायमचे साठवलेले नसते. प्रिंटर बंद केला, की ते पुसले जाते. दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवावे लागते. विंडोजचा ड्रायव्हर हे गुपचूप करतो. लिनक्समध्ये ते काम एचपीलिप हे एचपी प्रिंटरांसाठीचे सॉफ्टवेअर करते, पण त्यासाठी लागणारा प्लगइन वेगळा उतरवावा लागतो. एकदा इंटरनेट चालू ठेवून ‘एचपी-प्लगइन’ ही कमांड द्या, अटी मान्य करा, मग प्रिंटर बंद करून चालू करा. तरी ढिम्म राहिला तर ‘एचपी-फर्मवेअर’ हाताने चालवून बघा.

प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. म्हणून मिंटची मोठी आवृत्ती बदलली, की काल चालणारा प्रिंटर आज बंद पडतो. प्रिंटर दुरुस्तीला नेऊ नका, प्लगइन पुन्हा घाला.

प्रश्न : नवा यूएसबी वायफाय डाँगल लावला, तर लिनक्सला तो सीडी ड्राइव्ह वाटतो! – एक वाचक, ठाणे

उत्तर : लिनक्सची चूक नाही. अशा डाँगलमध्ये विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो आणि ते आधी सीडीचे सोंग घेतात. ‘एलएसयूएसबी’ दिल्यावर ‘०बीडीए:१ए२बी’ असा क्रमांक दिसला, तर हाच प्रकार. फाइल मॅनेजरमध्ये त्या सीडीवर इजेक्ट दाबा. क्रमांक बदलून खरी वायफाय चिप समोर येईल. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज असेल, तर हे काम बहुधा आपोआप होते. चिप रिअलटेक ८८११सीयू किंवा ८८२१सीयू निघाली, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.२ किंवा पुढचा हवा. मिंट २२ मध्ये ६.८ आहे. तुमचा कोणता ते ‘यूनेम -आर’ सांगेल. तोवर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, अपडेट उतरवायला तेवढे पुरते.

प्रश्न : इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ लिहिताना ‘तर्हा’, ‘दुसर्या’ असेच उमटते. फाँट बदलून पाहिले. – एक वाचक, पुणे

उत्तर : फाँटचा दोष नाही, अक्षरच दुसरे हवे. साध्या ‘र’चा पाय मोडला, की पुढच्या अक्षरावर रफार चढतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’ जे या कळीवर आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली, की खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ मिळतो. ‘ऱ्या’साठी क्रम असा : शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. ‘ऱ्हा’साठी तिरक्या रेघेच्या जागी यू.