विंडोजवरच्या एकमेकांना जोडलेल्या एक्सेल फाइल्स मॅक किंवा लिनक्सवर नेल्यावर लिंक का तुटतात?

मूळ कारण पत्त्याचं. विंडोजवर फाइलचा पूर्ण पत्ता 'सी' किंवा 'डी' अशा ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतो. मॅक आणि लिनक्सवर असं अक्षर नसतंच. त्यामुळे सूत्रात पूर्ण पत्ता अडकलेला असेल तर नव्या मशीनवर तो कुठेच पोचत नाही.

सगळ्यात सोपा उपाय: हलवण्याआधीच सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये आणा, सगळ्या एकत्र उघडा, लिंक बरोबर आहेत ना ते पाहून सेव्ह करा आणि मग अख्खा फोल्डर उचला. एकाच फोल्डरमधल्या फाइल्सचा पत्ता एक्सेल सापेक्ष ठेवतं, म्हणजे ड्राइव्हपासून नाही तर त्या फाइलच्या जागेपासून मोजतं, म्हणून लिंक बहुतेकदा टिकतात. लिनक्सवर एक्सेलऐवजी वापरल्या जाणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये मात्र सेटिंगमध्ये सापेक्ष पत्ते सेव्ह करण्याचा पर्याय चालू आहे का ते बघा.

तरीही तुटल्याच तर एक्सेलच्या डेटा टॅबमधल्या 'एडिट लिंक्स'मध्ये (नव्या आवृत्त्यांत 'वर्कबुक लिंक्स') जाऊन 'चेंज सोर्स'ने नवी फाइल दाखवा. प्रत्येक सूत्र हाताने बदलत बसू नका.

आकडे दिसतायत म्हणजे लिंक चालू आहे असं समजू नका! एक्सेल शेवटची किंमत साठवून ठेवतं, त्यामुळे तुटलेली लिंकही ठणठणीत वाटते. मूळ फाइलमधला एक आकडा बदलून तपासा.

लिनक्सवर फाइलच्या नावातलं इंग्रजी कॅपिटल-स्मॉल वेगळं धरलं जातं. आणि मॅकवरच्या जुन्या फाइल्समध्ये तारखा 1900 ऐवजी 1904 पासून मोजलेल्या असू शकतात. लिंकमधून आलेली तारीख बरोबर 1462 दिवसांनी चुकली, तर दोष लिंकचा नाही.