जप्त गाडी सोडवायची: ३० दिवसांची पॉलिसी की वर्षाची?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात रात्रपाळी करतो. बँक बदलण्याच्या गडबडीत गाडीच्या विम्याचे हप्ते थकले, कंपनीने पॉलिसी रद्द केली आणि तिचे ईमेल मी उघडलेच नाहीत. सहा दिवसांपूर्वी पोलिसांनी गाडी जप्त केली. गाडीची किंमत साधारण १,८०० पौंड. जप्त गाडी सोडवायला चालेल अशी ३० दिवसांची पॉलिसी ३४० पौंडांना मिळतेय, वर्षाची १,१५० ला. साधी वार्षिक पॉलिसी ८९० ला आहे, पण जप्त गाड्या ठेवतात त्या यार्डात ती चालत नाही म्हणे. शिल्लक २,००० पौंड. मित्र म्हणतो, वर्षाची घे, गाडी सोडव आणि १४ दिवसांत रद्द कर. काय करू?

उत्तर: गाडी सोडवा, आणि वर्षाची पॉलिसी घेऊन सोडवा. पण आधी हिशेब नीट मांडू, कारण तुमच्या पत्रात सगळे आकडे एकाच पोत्यात भरलेत.

विम्याशिवाय गाडी चालवल्याचा ३०० पौंडांचा दंड आणि लायसन्सवरचे सहा दंड-पॉइंट गाडी सोडवली काय, न सोडवली काय, टळत नाहीत. तो आकडा बाजूला ठेवा. विम्याचे ८९० सुद्धा बाजूला ठेवा, कारण ही गाडी सोडून दुसरी घेतली तरी तिचा विमा काढावाच लागेल. उरलं काय? गाडी उचलून नेल्याचे १९२, यार्डात ठेवल्याचे दर २४ तासांना २६, म्हणजे आजपर्यंत १५६, आणि सोडवायला चालणाऱ्या पॉलिसीसाठी मोजावे लागणारे वरचे २६०. एकूण ६०८. एवढ्यात १,८०० ची, तुमच्या हातची गाडी परत मिळते. तेवढ्याच पैशांत दुसरी जुनी गाडी घ्याल, तर तिच्या खोडी कळण्यातच वर्ष जाईल. गाडी सहा-सातशेची असती तर मी म्हटलं असतं, द्या सोडून.

आता ३० दिवसांची की वर्षाची? ३४० आणि मग ८९०, म्हणजे १,२३०. पण त्यात तेरा महिने निघतात. जादा महिन्याचे ७४ वजा केले की १,१५६. समोर १,१५०. सहा पौंडांचा फरक, म्हणजे पैशांच्या बाजूने बरोबरीच. महिन्याभरात गाडी विकायची असती तर ३० दिवसांचीच घ्या म्हटलं असतं. तुम्हाला ती रात्री-अपरात्री कामावर जायला लागते. शिवाय अल्पमुदतीच्या पॉलिसीवर सहसा नो क्लेम बोनस जमा होत नाही. आणि राग मानू नका, पण ज्या माणसाचा विमा ईमेल न पाहिल्यामुळे गेला, त्याने महिन्याभरात पुन्हा एक मुदत संपणारी पॉलिसी गळ्यात का बांधून घ्यावी?

मित्राची युक्ती मला पटत नाही. १४ दिवसांत पॉलिसी परत करायचा हक्क आहे, हे खरं. पण वापरलेल्या दिवसांचे पैसे आणि वर शुल्क कंपनी कापून घेऊ शकते. त्याच दिवसापासून दुसरी पॉलिसी तयार हवी, ती वेगळीच. फार तर २६० वाचतील, तेही कापाकापीच्या आधी. दोन पॉलिसींच्या मध्ये एक दिवस जरी कोरा गेला, तर पुन्हा हेच रामायण.

खरी जोखीम फॉर्ममध्ये आहे. ‘तुमची पॉलिसी कधी विमा कंपनीने रद्द केली आहे का?’ या प्रश्नाला तुमचं उत्तर ‘हो’ आहे. मुदत संपून पॉलिसी आपोआप बंद पडणं वेगळं, कंपनीने रद्द करणं वेगळं. तुमचं दुसऱ्या प्रकारात मोडतं. गाडी जप्त आहे हेही सांगायचं. दंड स्वीकारलात की लायसन्सवर आयएन-१० हा, विम्याशिवाय गाडी चालवल्याचा कोड चढतो आणि चार वर्षं राहतो. कंपन्या बहुधा पाच वर्षांपर्यंतचं विचारतात. हे सगळं सांगून तुम्हाला १,१५० आणि ८९० हे आकडे मिळालेत का? नसतील तर दोन्ही कोट, म्हणजे कंपन्यांनी सांगितलेले दर, रद्दी समजा आणि पुन्हा मागवा. लपवून घेतलेली पॉलिसी ऐन क्लेमच्या वेळी हात वर करते.

पैसे भरण्यापूर्वी कागदपत्रात जप्त गाडी सोडवायला पॉलिसी चालते असं लिहिलंय ना, ते स्वतः वाचा. फोनवरच्या माणसाच्या शब्दावर जाऊ नका. सोशल मीडियावर निम्म्या किमतीत पॉलिसी देणारे भेटतील. तिथे बनावट कागद विकणारे बरेच आहेत. विकणारा एफसीएच्या, म्हणजे विमा विकणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारमान्य संस्थेच्या, यादीत आहे का ते बघा. एखाद्या मित्राच्या विम्यात ‘इतरांच्या गाड्या चालवण्याची’ सवलत असली, तरी तिच्यावर जप्त गाडी सुटत नाही.

पैसे असे काढा: आज विम्याचे १,१५० आणि गाडी उचलण्या-ठेवण्याचे ३४८, म्हणजे शिल्लक ५०२. दंडाला २८ दिवस असतात, तो पुढच्या पगारातून भरा. पुन्हा मासिक हप्ते नकोत. त्यावर बहुधा व्याज लागतं आणि हप्ता चुकल्यानेच तर हे सगळं घडलं.

पन्नास पौंड वाचवायला आणखी तीन दिवस कोट शोधत बसलात तर यार्डाला ७८ द्याल. शिवाय गाडीवर दावा सांगायला सात कामकाजी दिवसच असतात, नंतर पोलिस तिची विल्हेवाट लावू शकतात. लॉगबुक (गाडीच्या नोंदणीचा कागद), लायसन्स आणि विम्याचं प्रमाणपत्र घेऊन आजच जा. निघण्यापूर्वी एमओटी (गाडीच्या वार्षिक तपासणीचा दाखला) आणि रोड टॅक्स चालू आहे ना ते तपासा. एमओटी संपली असेल तर गाडी चालवत घरी आणता येणार नाही, टोइंगचा खर्च धरावा लागेल.