जुन्या होंडा सिटी व्हीटेकला बाहेरचा हेडर लावलाय, एक्झॉस्टचं पॅकिंग दर तीन-चार महिन्यांनी उडतं, कायमचा इलाज काय?

तुम्ही लिहिलंय की गाडी २००१ ची आहे, आधीच्या मालकाने स्टेनलेसचा ४-२-१ हेडर (चार सिलिंडरचा धूर आधी दोन आणि मग एका पाईपमध्ये आणणारा पाईपांचा संच) बसवलेला, दीड वर्षात हेडर आणि इंजिनच्या हेडमधली चार पॅकिंग (गॅस्केट) झाली, दर वेळी मेकॅनिक म्हणतो "लोकल पॅकिंग होतं", आणि आता परत सकाळच्या पहिल्या स्टार्टला टिकटिक सुरू झालीये. माझ्याकडे २००२ ची व्हीटेक आहे आणि मी अगदी याच चक्रातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. चार-चार पॅकिंग जात असतील तर पॅकिंगवर संशय घेणं आता सोडा, फ्लॅंजला (हेडरची इंजिनवर नटांनी आवळली जाणारी सपाट पट्टी) कोण हलवतंय ते शोधा. माझ्या गाडीत पॅकिंगचा काही दोष नव्हता. इंजिनचं पुढचं माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार) फाटलं होतं आणि हेडर बसवताना मधला सपोर्ट ब्रॅकेट लावलाच नव्हता, आणि हे कळेपर्यंत मी तीन पॅकिंग बदलून बसलो होतो.

पहिलं म्हणजे आवाज नक्की तिथलाच आहे का ते बघा. टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचा) आवाज पण असाच टिकटिक येतो, फरक इतकाच की पॅकिंगची टिकटिक थंड इंजिनला जास्त असते आणि गरम झाल्यावर धातू फुगून फट बंद झाली की कमी होते किंवा जाते. ऍक्सिलरेटर सोडल्यावर मागे फटफट होत असेल तर तेही लीकचंच लक्षण, कारण बाहेरची हवा आत ओढली जाते. त्याच हवेमुळे ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) उगाच जास्त पेट्रोल सोडतो आणि ऍव्हरेज पडतं. लोक मग इंजेक्टर साफ करत बसतात.

जागा शोधायची माझी पद्धत अशी. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभी असलेली गाडी. व्हॅक्यूम क्लिनर उलटा लावायचा म्हणजे हवा फेकणाऱ्या तोंडाला नळी, ती सायलेन्सरच्या टोकात घालून भोवती ओलं फडकं गुंडाळायचं, आणि पुढे बोनेट उघडून फ्लॅंजच्या कडेने भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेने मारत जायचं. आपल्या इंजिनला एक्झॉस्ट पुढे रेडिएटरच्या बाजूला आहे त्यामुळे टॉर्च घेऊन सगळं नीट दिसतं. मला चौथ्या सिलिंडरच्या खालच्या स्टडपाशी (हेडमधून बाहेर आलेला आट्यांचा दांडा, ज्यावर नट बसतो) ज्वारीच्या दाण्याएवढे फुगे येताना दिसले, एकामागून एक, आणि हेडवर तिथेच काजळाचं बोट फिरवल्यासारखा काळा डाग होता. वरचे सगळे नट कोरडे. फुगे फक्त खालच्या बाजूला म्हणजे हेडर एकाच बाजूला ओढला जातोय, हे तेव्हा डोक्यात आलं.

आता ओढतं कोण? आपलं इंजिन आडवं बसवलेलं आहे, ऍक्सिलरेटर दाबला की ते पुढेमागे झुलतं आणि त्याला चिकटलेला हेडरही झुलतो, पण मागचा पाईप बॉडीला टांगलेला असतो, तो काही तितका हलत नाही. या दोघांच्या मध्ये कुठेतरी लवचीक जोड पाहिजे, स्प्रिंगवाले बोल्ट किंवा जाळीचा फ्लेक्स पाईप. बाहेरचा हेडर बसवताना बऱ्याच ठिकाणी वेल्डर सरळ पाईपला पाईप जोडून मोकळा होतो, मग मागचा सगळा पाईप म्हणजे एक लांब पहार झाली आणि तिचं टोक तुमच्या पॅकिंगवर. त्यात माउंटिंग जुनं असेल तर झोका आणखी मोठा. एकाला गाडीत बसवा, हँडब्रेक आणि फूटब्रेक दोन्ही घट्ट, पहिला गिअर टाकून क्लच नुसता अर्धा सोडायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभे राहून बघा (समोर उभं राहू नका), मग तसंच रिव्हर्समध्ये. इंजिन दोन बोटांच्या वर उचललं गेलं तर माउंटिंग गेलंय.

आणि स्पीडब्रेकर. हा हेडर सम्पच्या (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) खालून मागे जातो, गाडी थोडी जरी लोअर केली असेल किंवा मागे चार माणसं बसली असतील तर आपल्याकडच्या सोसायटीच्या गेटवरचे ते उभट ब्रेकर सरळ कलेक्टरवर (हेडरचे पाईप एकत्र येतात तो भाग) बसतात. खाली वाकून बघा, कलेक्टरच्या पोटाला घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत का. असतील तर प्रत्येक ठोक्याला वरची फ्लॅंज थोडी थोडी उचकटली जातेय. अशा वेळी सस्पेन्शनच्या स्प्रिंग बदला किंवा हेडरची खालची उंची वाढवून घ्या, नुसतं पॅकिंग बदलून पैसे घालवू नका.

हे सगळं बघून झालं की मग हेडर उतरवा. स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, १२ चा पाना नीट बसवून हळूहळू, अडकला तर मागे-पुढे मागे-पुढे करत काढा, जोर करू नका कारण हेड ऍल्युमिनियमचं आहे आणि स्टड तुटला की मग ड्रिल, टॅप, हेलिकॉइल (नवे आटे बनवणारी तारेची गुंडाळी) असं सगळं लागतं. एखाद्या स्टडचे आटे ओढल्यासारखे लांबट दिसत असतील तर सगळे स्टड नवीन टाका. नट तर दर वेळी नवीनच, ते सेल्फ-लॉकिंग असतात, एकदा काढले की त्यांची पकड गेली. स्प्रिंग वॉशर घालू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेत त्याचा ताणच मरतो आणि मग तो नुसता एक चपटा तुकडा राहतो.

फ्लॅंज तपासायची म्हणजे जाड काचेवर किंवा मशीन शॉपच्या सरफेस प्लेटवर ठेवा आणि कडेने फिलर गेज (ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. ०.१० मिमीची पट्टी कुठूनही सरकत आत गेली तर ग्राइंडिंग करून घ्या. वेल्डिंगने पाईप जोडलेल्या फ्लॅंजा हमखास वाकतात, माझी मधोमध ०.३५ ला होती. हेडच्या तोंडावरही सरळ पट्टी ठेवून बघा, जुनं पॅकिंग ग्राइंडरच्या चकतीने खरवडलं असेल तर तिथे खळगे असतात. तुम्ही मात्र प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने काढा, वेळ लागतो पण लागू दे.

आता भोकांचं, हे कोणी सांगत नाही म्हणून जरा लांबण लावतो. स्टेनलेसची साधारण ३० सेंटीमीटरची फ्लॅंज ३०० अंशांनी तापली की जवळपास दीड मिलिमीटर लांब होते. हेडमध्ये पाणी फिरतं, ते फक्त ८० एक अंशांनी तापतं, म्हणजे अर्धा मिलिमीटर. उरलेला एक मिलिमीटर कुठेतरी जायला हवा ना, तो दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा असा पॅकिंगवरून घासत जातो, रोज, प्रत्येक स्टार्टला. टोकाची भोकं स्टडला घट्ट असतील तर फ्लॅंज सरकू शकत नाही, मग ती मधून फुगते किंवा स्टड वाकवते. म्हणून मधली भोकं जशी आहेत तशी ठेवा आणि दोन्ही टोकांची ९.५ ते १० मिमी करा, त्यावर जाड सपाट वॉशर. माझ्या लेथवाल्याने हे काम दहा मिनिटांत केलं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच कामाने पडला.

पॅकिंग कंपनीचं स्टीलच्या थरांचं घ्या. शीट कापून बनवलेलं घेऊ नका, आणि हेडरची भोकं मोठी असतील तर पॅकिंगची कड आत धुराच्या वाटेत येत नाही ना ते ठेवून बघा, आत आलेली कड जळते आणि तिथूनच फट सुरू होते. दोन पॅकिंग एकावर एक नको. सिलिकॉन तर अजिबात नको, या जागेचं तापमान त्याला झेपत नाही, ते जळून खाली पोकळी राहते आणि नटचा ताण जातो.

आवळताना मधून बाहेर, आलटून-पालटून, तीन टप्प्यांत. होंडाच्या या डी सिरीज इंजिनांना हेडरच्या ८ मिमी आट्याच्या नटला ३१ न्यूटन-मीटर दिलेत. एवढ्या लहान नटला हाताचा अंदाज चालत नाही, पान्याला पाइप लावून "बसला" म्हणणारे लोक स्टडच ओढून ठेवतात, टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरालाच आवळणारा पाना) भाड्याने किंवा मित्राकडून आणा. हेडरचा ब्रॅकेट आणि मागचे जोड आधी नुसते हाताने लावा, फ्लॅंज पूर्ण आवळा, मग ब्रॅकेट आणि मागचं. हा क्रम उलटा झाला तर पाईप ताणलेलाच राहतो आणि तुम्ही पहिल्याच दिवशी पुढचं पॅकिंग उडवायची सोय करून ठेवता.

पावसाळ्यात घाट चढून आल्या आल्या साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, लाल तापलेल्या पाईपवर गार पाणी पडलं की वाकणं आलंच. माझी गाडी मी पुण्याहून साताऱ्याला नेतो, खंबाटकीनंतर पाऊस असेल तर दहा मिनिटं सावकाश चालवतो.

तोवर एक काळजी घ्या. लीक चालू असेपर्यंत सिग्नलला उभं असताना ब्लोअर बाहेरच्या हवेवर ठेवू नका आणि बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, घरातली मुलं मागे बसत असतील तर आणखीच सांभाळा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड व्हायला लागेपर्यंत कळत नाही.

बसवल्यावर गाडी एकदा पूर्ण गरम करा, रात्रभर थंड होऊ द्या, सकाळी स्टार्ट न करता नट त्याच टॉर्कला तपासा, मग दोनशे किलोमीटरनंतर परत एकदा. गरम असताना कधीच आवळू नका. माझं यानंतर तीन पावसाळे झाले, तेच पॅकिंग आहे. तुम्ही हेडर उतरवलात की फिलर गेजचा आकडा आणि काजळी वरच्या बाजूला आहे की खालच्या, एवढं कमेंटमध्ये लिहा, त्यावरून माउंटिंग आधी बघायचं की फ्लॅंज ते सांगता येईल.