सीटसाठी बाग विकावी का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी अडचण थोडक्यात सांगते. मुलीची बारावी झाली. नीटमध्ये तिचे गुण ओबीसी यादीच्या शेवटच्या फेरीला तीसेकांनी कमी पडले आणि पशुवैद्यकीयची जागा हुकली. एका एजंटने परराज्यातल्या खासगी कॉलेजात सीट देऊ केली आहे, राहण्या-जेवणासह पूर्ण कोर्सचे २४ लाख. निफाडजवळची २० गुंठे द्राक्षबाग घाईने विकली तर ९ लाख येतील, उरलेल्या १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं, असा तुमचा विचार आहे. नाहीतर एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यायची. नाशिकमधल्या क्लासची फी सव्वा लाख. अंबडच्या कंपनीतून वर्षाला साडेसहा लाख मिळतात, घराचा हप्ता चालू आहे, ५ लाखांची एफडी आहे.

माझं मत आधीच सांगते. बाग विकू नका, पोरीला एक वर्ष द्या.

आता हिशेब. बीव्हीएससी अँड एएच, म्हणजे पशुवैद्यकीय पदवी, हा साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. १५ लाखांचं कर्ज दरवर्षी ३ लाख असं पाच वेळा उचललं, व्याज साडेदहा टक्के धरलं आणि कोर्सनंतर वर्षभराने हप्ते सुरू झाले, तर तोवर सरळव्याजच ७ लाखांच्या वर जातं. मग २२ लाखांवर दहा वर्षं दरमहा सुमारे ३० हजारांचा हप्ता. पहिली नोकरी शोधणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हा बोजा टाकायचा का? शिवाय साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. तुमचं घर आधीच गहाण आहे आणि शेतजमीन बँका बहुधा धरत नाहीत. म्हणजे बाग विकून बसाल आणि कर्ज अडकेल, ही भीती मला जास्त वाटते.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. तुम्ही त्यात बसता. पण प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. परराज्यातल्या विकतच्या सीटला याचा एक रुपया मिळत नाही. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर या जुन्या कॉलेजांपैकी कुठेही नंबर लागला, तर मुख्य खर्च राहतो तो हॉस्टेल-मेसचा. महिना ८ हजार धरले तर ६६ महिन्यांचे सव्वापाच लाख. तो पगारातून थोडा थोडा निघेल, आणि कमी पडलंच तर ४ लाखांपर्यंतचं कर्ज तारण किंवा तिसऱ्या माणसाचा जामीन न देता मिळतं. मुलीचं सुकन्या समृद्धी बचत योजनेचं खातं असेल तर त्यातली निम्मी रक्कम शिक्षणासाठी काढता येते, पण कॉलेजचं प्रवेशपत्र किंवा फीची पावती दाखवून. क्लाससाठी त्याला हात लावता येणार नाही. क्लास आणि पुस्तकांसाठी एफडीतून दीड लाख काढा आणि तिथे थांबा. बाकीची एफडी घरातल्या आजारपणासाठी आहे.

एजंटला एक प्रश्न नक्की विचारा: हे कॉलेज भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या अनुसूचीत, म्हणजे मान्य पदव्यांच्या यादीत, आहे का? नुसतं परवानगीपत्र दाखवलं तर खूश होऊ नका. पदवी अनुसूचीत नसेल तर पशुवैद्यक परिषदेत नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय ना दवाखाना टाकता येतो ना पशुधन विकास अधिकाऱ्याची परीक्षा देता येते. २४ लाख देऊन एवढंसुद्धा पदरात पडलं नाही तर काय करणार?

आता कागदपत्रं, आणि इथे मी जरा हट्टाने बोलते. गेल्या वर्षी सिन्नरच्या एका मुलीचे गुण पुरेसे होते, पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात आलं नाही. प्लास्टिकच्या निळ्या फोल्डरमध्ये नुसती अर्जाची पोच घेऊन तिचे वडील माझ्यासमोर बसले होते. राखीव जागा गेली. तुमच्याकडे वैधता नसेल तर अर्ज याच आठवड्यात टाका, त्याला महिने लागतात. नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा पुढच्या प्रवेशाला चालेल असंच काढा. डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखलाही बरोबरच. पशुवैद्यकीयचा अर्ज नागपूरच्या माफसूकडे (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) वेगळा भरावा लागतो. एमबीबीएस-बीएएमएसच्या अर्जात तो येत नाही. देशभरातल्या १५ टक्के जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेची फेरी असते, तिथेही वेगळी नोंदणी करा.

वर्ष वाया गेलं तर, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. म्हणून यंदा नीटबरोबर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षाही द्यायला लावा, कृषी पदवीचा रस्ता उघडा राहील. आणि दुसऱ्या प्रयत्नातही जमलं नाही तर तिसरा नको.

पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहिलीत: शेजारची गाय अडली तेव्हा रात्री दोन वाजता ही पोर डॉक्टरांना बॅटरी धरून उभी होती, आणि वासराच्या नाकातला चिकटा तिनेच हाताने काढला. मी हे वर्ष द्या म्हणते ते त्या ओळीमुळे. केवळ नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून कुणी आलं असतं, तर मी वेगळं सांगितलं असतं.

एजंटला टोकन दिलं आहे का, हे पत्रात नाही. दिलं असेल तर पावती कुणाच्या नावाची आहे आणि परताव्याबद्दल त्यावर काय लिहिलंय, ते मला लगेच कळवा. दिलं नसेल तर देऊ नका.